लाल दोऱ्यापर्यंतचं पाणी

बेन गेल्याचं मला फोनवर कळलं नाही, की दवाखान्यातून कुणी सांगितलं नाही. सकाळची भांडी घासून मी ओट्यावर उन्हात पालथी घालत होते, तेवढ्यात सुनंदा भोई नदीच्या वाटेनं आली. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं आणि ती पळत नव्हती, चालत होती. पळत आली असती तर मी घाबरले असते... चालत आली म्हणून मला वाटलं, मासे विकायला निघाली असेल. ओट्याखाली उभी राहून ती म्हणाली, "शारदाबाई, ताई काठवर बसेल शे. मी हाक मारी, पन बोलत नही." मी म्हटलं, पाणी पाहत असतील, पाणी पाहताना त्या कुणाशी बोलत नाहीत, तुला काय हे नवीन आहे? सुनंदानं पदराचा बोळा तोंडाशी धरला. मग मला कळलं. बेन बाभळीच्या खोडाला टेकून बसल्या होत्या, उजव्या हाताला रस्सी गुंडाळलेली, रस्सीचं दुसरं टोक तापीच्या पाण्यात. डॉक्टर नंतर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसेल. सुनंदानं त्यांच्या हाताचे वेढे सोडवले आणि रस्सी हळूहळू वर ओढून माझं ताट बाहेर काढलं. दगडाला आपटू दिलं नाही. हो, माझंच ताट. त्याची गोष्ट पुढे येईल.

इंदुबेन माझ्या मोठ्या नणंद. सारंगखेड्याच्या थोडं वर, तापीकाठी आमचं गाव आहे. घरात आम्ही गुजरी बोलतो, ते बोलणं इथं मराठीत मांडते आहे; भोयांचं बोलणं तेवढं आहे तसंच ठेवते. त्या गेल्यावर त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांनी शोकसभा घेतली आणि मला ती फोनवर दाखवली. समुद्रनिरीक्षण, शाश्वत मासेमारी, दूरदृष्टी असे शब्द तिथे बोलले गेले. शब्द खोटे नव्हते. पण ऐकताना मला सारखं वाटत होतं की हे लोक दुसऱ्याच कुणाबद्दल बोलताहेत. माझ्या ओळखीची बेन म्हणजे चहातली साखर पेनाच्या मागच्या टोकानं ढवळणारी, माझ्या पापडांच्या खाटेवर यंत्राच्या वायरी वाळत घालणारी, आणि शेवटच्या काही वर्षांत दिवसातून एकदा तरी "शारदा, मी थकले गं" म्हणणारी बाई. हे थकणं अंगाचं नव्हतं. नदीचा उतार त्या माझ्या आधी उतरायच्या आणि चढताना मला हात द्यायच्या. मी कितीदा म्हटलं असेल, बेन, थकलात तर बसा ना जरा घरी. त्या म्हणायच्या, बसल्यावर जास्त थकायला होतं.

समुद्राशी आमच्या घराण्याचा काडीचा संबंध नाही. केळी, कापूस, ऊस... पाणी म्हणजे मोटार आणि पाईप, एवढंच आम्हाला ठाऊक. पण सुरतेला आमचे नातेवाईक आहेत, आणि बेन लहान असताना सासऱ्यांना रोज विचारायच्या, ही नदी जाते कुठे? सासरे कंटाळून एकदा त्यांना सुरतेला घेऊन गेले आणि तिथून पुढे तापी समुद्राला मिळते तिथपर्यंत नेलं. पोरीनं ओंजळ भरून तोंडाला लावली, थुंकली आणि रडायला लागली, "आपलं पाणी यांनी खराब केलं!" सासरे हा किस्सा प्रत्येक लग्नात सांगायचे आणि प्रत्येक लग्नात बेन तोंड फिरवून बसायच्या. शहाद्याला शाळा झाली, मग मुंबईला विज्ञान, आणि मग समुद्राचा अभ्यास करणारी सरकारी नोकरी. लग्न केलं नाही. सासूबाई मरेपर्यंत म्हणत राहिल्या की पोरगी समुद्रानं ठेवून घेतली.

त्या काय करायच्या ते मला समजायला बरीच वर्षं लागली. समुद्रात ठिकठिकाणी बोये सोडलेले असतात, म्हणजे साखळीनं बांधलेली तरंगती यंत्रं. पाणी किती गरम, लाटा केवढ्या, प्रवाह कुठला, हे ती सांगत राहतात. वरून उपग्रह पाण्याचा रंग बघतो. गार आणि गरम पाणी जिथे एकमेकांना भिडतं, जिथे पाणी हिरवट दिसतं, तिथे माशांना खाणं असतं आणि मासे तिथे जमतात. हे सगळं जुळवून बेनचं कार्यालय किनाऱ्यावरच्या होड्यांना निरोप पाठवायचं, की आज अमुक दिशेला जा. सुरुवातीला त्या सुट्टीत घरी यायच्या तेव्हा तोंड नुसतं फुललेलं असायचं. अमक्या बंदरावर होडी चालवणारा म्हातारा तांडेल पाया पडायला वाकला, तमक्या गावात बायकांनी जेवायला घातलं. जेवायला म्हणजे काय घातलं, असं मी विचारायचे, कारण आमच्या बेन पक्क्या शाकाहारी. जन्मभर माशांच्या मागे हिंडल्या आणि जिभेला मासा लावला नाही. बोटीवर खलाशी त्यांच्यासाठी वेगळं वरण शिजवायचे आणि 'भगतीण' म्हणून चिडवायचे.

मग हळूहळू ते फुलणं कमी झालं. निरोप सगळ्यांना सारखाच जायचा, पण सगळ्यांची होडी सारखी नव्हती. लहान होडीवाला तिथे पोचेपर्यंत मोठ्या बोटी जाळी ओढून परत निघालेल्या असायच्या. मासा सापडणं सोपं झालं, म्हणून तो जास्त काढला जाऊ लागला, आणि मग अधिकाधिक लहान मासा वर येऊ लागला. बेन दिल्लीच्या बैठकांमध्ये सांगायला लागल्या की हीच यंत्रं हेही सांगू शकतात, की आज कुठे जायचं नाही. कुठे पिल्लं आहेत, कुठे अंडी घालणं चाललंय, कुठलं पाणी सोडून द्यायचं. "सगळे मान डोलवायचे," त्या मला म्हणाल्या होत्या. "मग चहा यायचा. मग पुढचा विषय." आणि एक गोष्ट त्या नेहमी सांगायच्या. समुद्रातल्या बोयाच्या सावलीला लहान मासे जमतात, त्यांच्या मागे मोठे येतात, म्हणून होड्या येऊन बोयालाच दोर बांधतात आणि तिथेच जाळी टाकतात. यंत्र तुटतं, माहिती बंद. समुद्र बघायला ठेवलेला डोळा लोकांनी खुंटा म्हणून वापरला. आधी त्या हे हसून सांगायच्या. नंतर हसणं गेलं, गोष्ट तेवढी राहिली. मी एकदा चिडून म्हटलं, काय लोक आहेत! तर माझ्यावरच उलटल्या. "त्यांना काय बोलतेस? मासा कुठे आहे एवढंच आम्ही त्यांना सांगितलं. तो तिथे का आहे, हे कधी दाखवलंच नाही."

निवृत्त होऊन त्या घरी आल्या तेव्हा पुढची खोली आम्ही त्यांना दिली. वाटलं होतं, आता पोथ्या वाचतील, आमच्या नातवंडांना शिकवतील, मला डोकं खाजवायलाही फुरसत नसते तर जरा हाताशी येतील. पण खाली सारंगखेड्याला बांधलेल्या बॅरेजमुळे आमच्याकडे तापी आता वाहते कमी, साचते जास्त, आणि घाटाखालचा डोह तर बारा महिने भरलेला. त्या डोहावर भोयांची मोजकी घरं जगतात. एका पावसाळ्याच्या तोंडाला बेन फिरायला गेल्या आणि काठावर सुनंदा मासा चिरताना दिसली. पोट गाबोळीनं, म्हणजे अंड्यांनी, गच्च भरलेलं. बेन तिथेच बसल्या आणि म्हणाल्या, हिच्या पोटात तुझा पुढच्या वर्षीचा बाजार होता. सुनंदानं वर न बघता म्हटलं, "पुढला साल पुढे दखसूत, ताई. आज चूल पेटाले पाहिजे." घरी येऊन त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या, आणि त्यानंतर रोजच. मग सुनंदा आमच्या ओट्यावर येऊन बसायला लागली. सासूबाई असत्या तर ओट्यावर मासेवाली बसू दिली नसती. मलाही वासाचा त्रास व्हायचा, खोटं कशाला बोलू. पण बेन तिच्या शेजारी मांडी घालून बसायच्या, मग मी काय बोलणार.

त्यांचं म्हणणं साधं होतं. पुराचं गढूळ पाणी आलं की मासा अंडी घालतो. तेवढा काळ डोह सोडा, बाकीच्या नदीत काय ते करा, वर्षभर खाल. त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांनी समुद्रात वापरून मोडीत काढलेला एक छोटा बोया दुरुस्त करून पाठवला, पिवळाधमक. आमचे हे, म्हणजे बेनचे धाकटे भाऊ, बघून म्हणाले, "बेन, समुद्र पुरला नाही म्हणून आता नदीच्या मागे लागलात का?" बोया डोहात सोडला. पाण्याचं तापमान आणि त्यातला ऑक्सिजन बेनच्या फोनवर दिसायला लागला. भोयांना जमवून त्यांनी सगळं समजावलं. सगळ्यांनी मान डोलावली. मान डोलावणं दिल्लीत असतं तसंच आमच्याकडेही असतं. बायकांनी बोयाचं नाव 'पिवया हंडा' ठेवलं आणि जाळी पडायची तशीच पडत राहिली.

मग आषाढातली तापीची जयंती आली. त्या दिवशी आमच्याकडे नदीला चुनडी नेसवतात, लाल, जरीच्या काठाची. एरवी काठावरून पाण्यात सोडतात. त्या वर्षी बायकांच्या मनात आलं की तापीमायच्या पोटात एवढा पिवळा हंडा उभा आहे, कळसासारखा, तर चुनडी त्यालाच का नेसवू नये? नावेतून गेल्या आणि चुनडी नेसवून, नारळ बांधून, हार घालून, बांगड्या अडकवून आल्या. बेनना कुणी सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नाही. पुढच्या दिवसांत हार कुजले, कापडाच्या आत पाणी कोंडलं आणि बेनच्या फोनवर ऑक्सिजन खाली खाली जायला लागला. त्या तडक डेअरीवर गेल्या, तिथे आमचे हे चार लोकांत बसले होते, आणि सगळ्यांसमोर ओरडल्या, "जगदीश, तुझ्या उसाच्या खतानं डोह मारला!" आमचे हे हातातला कप तसाच धरून बसले. मग सुनंदाचा दीर दशरथ, त्याच्या नावेतून बेन डोहात गेल्या, आणि बघतात तर बोया नव्या नवरीसारखा सजून डुलतोय. अख्खा गाव पोट धरून हसला. आमचे हे तर त्या रात्री जेवताना मध्येच एकटे हसायचे, बेनकडे बघायचे आणि पुन्हा हसायचे. बेनही हसल्या शेवटी. पण खरी गंमत पुढे झाली. चुनडी नेसवलेल्या हंड्याजवळ जाळं टाकायला कुणी धजेना. मायचा हंडा! डोह आपोआप सुटला. माणसं बैठकीत मान डोलवून जे करत नव्हती, ते एका लुगड्यानं केलं.

मी म्हटलं, झालं ना तुमच्या मनासारखं? आता हात जोडा आणि गप्प बसा. पण बेन ऐकतील तर ना. त्या स्वतः नावेतून गेल्या आणि चुनडी सोडून आणली. त्यांचा देवावर विश्वास नव्हता, तरी चुनडी फेकली नाही. धुतली, वाळवली, घडी करून घाटावरच्या देवळात नेऊन ठेवली. तरीही बायका बिथरल्या. सुनंदा ओट्यापर्यंत आली, पण बसली नाही. "ताई, तुमी मायनं लुगडं सोडं?" एवढं म्हणून निघून गेली आणि बरेच दिवस आली नाही. घरात माझं आणि बेनचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, तुम्हाला डोह सुटायला हवाय की तुमचं खरं व्हायला हवंय? बेन म्हणाल्या, "किनाऱ्यावर पण लोक माझ्या निरोपाच्या पायाच पडत होते, शारदा. एकदा निरोप चुकला, होड्या रिकाम्या आल्या आणि त्या दिवसापासून कुणी विचारेना. पाया पडणारा माणूस पाण्याकडे बघत नाही. उद्या कुणी हंड्याजवळ जाळं टाकलं आणि त्याला काही झालं नाही, की संपलं." मला ते तेव्हा पटलं नाही. मला फक्त एवढं दिसत होतं की सुनंदा यायची बंद झाली आणि बेन एकट्या पडल्या. "मी थकले गं," हे मी सगळ्यात जास्त त्या दिवसांत ऐकलं.

आणि मग माझं ताट गेलं. लग्नात मामाकडून आलेलं, जाड स्टीलचं, आत कडेला नाव कोरलेलं, 'चि. सौ. कां. शारदा हीस मामाकडून'. मी मांडणीवर शोधते, नाही. मोरीत नाही, शेजारी नाही. संध्याकाळी बेन वेल्डरकडून आल्या, हातात माझं ताट, मधोमध भोक पाडलेलं. अंगणात बसून त्यांनी त्याचे चार भाग आखून त्यावर रंग दिला, दोन पाव काळे, दोन पाव पांढरे, खालून लोखंडाचा तुकडा लटकवला आणि भोकातून रस्सी ओवली. मी काय काय बोलले ते छापण्यासारखं नाही. बेननी शांतपणे ऐकून घेतलं. समुद्रात जुन्या काळी पाण्याचा गढूळपणा असाच मोजायचे म्हणे, पांढरी तबकडी सोडायची आणि दिसेनाशी झाली की रस्सी धरायची. "याला बॅटरी लागत नाही," त्या म्हणाल्या. "आणि हे कुणीही बघू शकतं." मी म्हटलं, बाजारात ताटं मिळतात. त्यावर त्या म्हणाल्या, तुझं जाड आहे, सरळ खाली जातं.

हे ताट घेऊन त्या सुनंदाच्या दारात गेल्या. काय बोलणं झालं मला माहीत नाही. पण त्या पावसाळ्यात दोघी रोज काठावर दिसायला लागल्या. ताट सोडायचं, दिसेनासं झालं की रस्सीवर चिमूट धरायची. सुनंदा वरच्या अंगाला जाळं टाकायची आणि मासा चिरून बघायची, गाबोळी आहे की नाही. असं करत करत एक दिवस आला, पाणी निवळलं होतं आणि माशांची पोटं रिकामी होती. त्या दिवशी ताट जिथपर्यंत दिसलं, तिथे सुनंदानं स्वतःच्या हातानं, पाण्याच्या वरच्या पातळीशी, रस्सीला लाल दोरा बांधला. नियम एवढाच, की ताट लाल दोऱ्यापर्यंत दिसलं तरच डोहात जाळं. बंधन बेननी घातलं नव्हतं, गाठ सुनंदानं मारली होती. म्हणून पाळलं सगळ्यांनी? छे. भांडणं व्हायची. दशरथ म्हणायचा, "माले दिसस ना! तुमनी नजर कमी शे, त्याले मी काय करू?" मग ठरलं की दोघांनी तरी बघायचं आणि दोघांना दिसलं तरच. मग कुठले दोघं, यावरून भांडण. काठावरचा आरडाओरडा घरापर्यंत ऐकू यायचा, आणि मी म्हणायचे, बेन, जा, मिटवा. त्या जागच्या हलायच्या नाहीत. डोळे मिटून ऐकत बसायच्या. "भांडू दे. पाण्याकडे बघून भांडताहेत ना." इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं निवांत पाहिलं नव्हतं.

पण थकवा गेला नाही. पुढच्या पुरात पिवळा हंडा वाहून गेला, त्यांनी शोधला नाही. डोहात मासा वाढला हे सगळ्यांना दिसत होतं, तरी दरवर्षी आषाढात कुणीतरी फुटायचंच, दरवर्षी समजूत, दरवर्षी रुसवे. गेल्या उन्हाळ्यात एकदा ओट्यावर बसल्या असताना त्या म्हणाल्या, "मी गेल्यावर हे टिकेल का गं?" मी तांदूळ निवडत होते. म्हटलं, मला काय माहीत, मी काय भोई आहे? त्या म्हणाल्या, "नाही टिकलं तर मी इथेही नुसता निरोपच पाठवत होते असं होईल..." पुढे मी विचारलं नाही. त्यांचं हे असं अर्धवट सोडणं रोजचंच होतं.

दिवसकार्य झालं. ज्येष्ठ संपत आला होता. मी ताट घासूनपुसून त्यांच्या फोटोसमोर पाटावर ठेवलं. रस्सी गुंडाळून शेजारी. दगडांवर घासून घासून रंग ठिकठिकाणी उडालाय आणि खालून माझं नाव पुन्हा वर आलंय, ते बघून मला रडू यायचं. रोज सकाळी देवपूजा झाली की ताटाला हळद-कुंकू लावायचे, फूल ठेवायचे. त्यांच्या हातातली शेवटची वस्तू. दसऱ्याला आपण नांगर पुजतो, तराजू पुजतो, मोटार पुजतो, मग हे का नाही? कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. आषाढ आला, नदीला तांबडं पाणी आलं, जयंतीला बायकांनी चुनडी काठावरून सोडली. नदीकडे मी गेलेच नव्हते.

जयंतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुनंदा आली. या खेपेला ओट्यावर थांबली नाही, उंबरा ओलांडून सरळ आत आली. आमच्या घरात आत येण्याची तिची ही पहिलीच वेळ. "शारदाबाई, ताट कोठे शे?" मी फोटोकडे बोट दाखवलं. ती बघतच राहिली. कुंकू बघितलं, झेंडूचं फूल बघितलं. मग म्हणाली, "हंडाले आम्ही चुनडी बांधी, तव्हय ताई कितली चिडनी व्हती... आते तुमी ताटले कुकू लाई दिधं?" पुढे म्हणाली, "दशरथ जायं लई वना काठवर. म्हनस, ताई गयी, आते कोन दखी?" मी म्हटलं, अगं, शेवटचं त्यांच्या हातात होतं ते, कुठे पाण्यात पडलं, वाहून गेलं तर? सुनंदा म्हणाली, "पानीमा जावाकरताच शे ना ते." मी ताटाला हात लावू शकले नाही. तिनंच फूल उचलून फोटोजवळ ठेवलं, ताट उचललं, रस्सी खांद्यावर टाकली. दारापर्यंत जाऊन थांबली आणि म्हणाली, "चाला. दोन जन लागतस."

दशरथ बाभळीखाली उभा होता, जाळं खांद्यावर. माझ्याकडे बघून जरा ओशाळला, पण बोलला ते ठामपणे. ताईंचा हुकूम ताईंच्या संगे गेला, घरात खाणारी तोंडं आहेत, किती दिवस डोहाकडे नुसतं बघायचं. तो काही खोटं बोलत नव्हता. मला वाटलं, आता सुनंदा भांडेल. ती भांडली नाही. दगडावर वाकून तिनं ताट पाण्यात सोडलं. कुंकवाची एक बारीकशी लाल रेघ पाण्यात लांबली आणि विरून गेली. "तूच दख," ती त्याला म्हणाली. दशरथ उभ्यानं बघायला लागला. मग वाकला. ताट लाल दोऱ्याच्या कितीतरी आधीच दिसेनासं झालं. "ऊन नही, म्हनीसन," तो म्हणाला. सुनंदानं ताट काढलं आणि दगडाच्या पलीकडून, उन्हाच्या अंगानं, पुन्हा सोडलं. आता तो उकिडवा बसला, डोळ्यांवर हात धरून. खूप वेळ बसला. "बाई, तुमी दखा," सुनंदा मला म्हणाली.

मी कधी बघितलं नव्हतं. इतकी वर्षं ताटावरून भांडले, पण त्यात बघितलं नव्हतं. वाकले. तांबड्या पाण्यात पांढरे पाव आधी पिवळे झाले, मग मातकट. कडेचं कोरलेलं नाव थोडा वेळ चमकलं, आणि मग काहीच उरलं नाही, नुसतं पाणी. लाल दोरा अजून सुनंदाच्या मुठीत, पाण्याच्या पार वर होता. बेन रोज हेच बघत होत्या... "दिसनं का?" सुनंदानं विचारलं. "नही," मी म्हटलं. तिनं दशरथकडे बघितलं. तो पाण्याकडेच बघत होता. मग म्हणाला, "नही दिसत," आणि खांद्यावरचं जाळं काढून त्यानं दगडावर टाकलं, त्यावरच बसला आणि तंबाखू मळायला लागला. तो पुन्हा येणार, उद्या येणार, भांडणार, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

घरी आल्यावर मी ताट फोटोसमोर ठेवलं नाही. यांना सांगून ओट्याच्या भिंतीत खुंटी ठोकून घेतली आणि रस्सीसकट ताट तिथे अडकवलं, कुणालाही आत न येता घेता यावं म्हणून. फोटोसमोरचा पाट तेवढा रिकामा राहिला. काल सकाळी चहा टाकताना खुंटीकडे नजर गेली तर ताट नव्हतं. मला कुणी विचारलं नव्हतं, हाक मारली नव्हती. दुपारी भांडी पालथी घालायला बाहेर आले तेव्हा ते परत जागेवर होतं, आणि खाली फरशीवर पाणी ठिबकत होतं.